येळवशीला कुणाच्या शेतात

माझं घर आणि माझ्या मैत्रिणीचं घर पाठीला पाठ लावून उभी आहेत. माझ्या दाराचं तोंड ह्या गल्लीला, तिच्या दाराचं पलीकडच्या गल्लीला. मागे दोघींची परसं, आणि परसांच्या मध्ये छातीएवढी दगडी भिंत. मन्नाएखेळ्ळी हे हायवेवरचं गाव, इथं दिवसभर ट्रक, बस, चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले असा गलका असतो. पण आमच्या दोघींच्या बातम्या त्या भिंतीवरून चालतात आणि त्यांत हायवे कधी येत नाही. शेवग्याला फूल धरलं. जळणाच्या ढिगामागून मुंगसीण पिल्लं घेऊन निघाली, एक पिल्लू मागे राहिलं तर परत येऊन घेऊन गेली. तिच्या न्हाणीच्या भिंतीतल्या भोकात पिंगळ्यानं बिऱ्हाड केलं. माझ्या कढीपत्त्याची पानं कुणीतरी खाल्ली, आणि त्या कुणीतरीचं नाव आम्हा दोघींनाही माहीत आहे, पण ती शेळी अक्कांची असल्यामुळे आम्ही बोलत नाही.

अक्का म्हणजे तिच्या घरासमोरच्या किराणा दुकानवाल्या. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि उधारी मागताना हैदराबादी हिंदी. आम्हा दोघींपेक्षा वयानं मोठ्या आणि गल्लीत त्यांचाच शब्द चालतो.

परसातल्या सगळ्या जिवांशी माझं जमतं असं नाही. सातभाई मला आवडत नाहीत. थव्याथव्यानं येतात, पालापाचोळा उलटासुलटा करतात आणि काही कारण नसताना भांडतात. मी त्यांना हाकलते. भिंतीपलीकडे माझी मैत्रीण त्यांना भाकरीचा चुरा टाकते. म्हणजे ते येतात तिच्याकडं आणि ओरडतात माझ्या डोक्यावर. ह्यावरून आमचं दर आठवड्याला वाजतं. "तुझ्या घरात माणसं हायती, तुला आवाज नको वाटतो," असं ती एकदा म्हणाली होती. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. तिचे मालक ट्रकवर, आठ-पंधरा दिवसांनी घर बघायचे. मुलगा पुण्याला कंपनीत. बोलायला तिला मी आणि सातभाईच होतो.

दिवाळीनंतर आम्ही दोघी तिच्या माहेरी, भालकीकडच्या मेहकरला गेलो होतो, तिच्या भावाच्या नातवाच्या बारशाला. हुमनाबादला बस बदलली, भालकीला परत बदलली. जागेवरून मी एका बाईशी भांडले आणि भालकी येईपर्यंत तिच्याच पिशवीतल्या शेंगा खाल्ल्या. बारसं झालं, जेवणं झाली, दुसऱ्या दिवशी परत निघालो. मन्नाएखेळ्ळी जवळ आली तशी बस गावाच्या अंगानं काढलेल्या नव्या रस्त्याला लागली. मैत्रिणीनं माझा हात धरला.

"हितं आमची विहीर व्हती," ती म्हणाली. मग, "ही बाभळ. हा बां..." बांध म्हणून होईपर्यंत बस पुढं गेली होती.

यंदाच तिचं अख्खं रान त्या रस्त्यात गेलं होतं. पैसे मिळाले, नाही असं नाही. त्यातून तिनं घर नवं बांधलं, परसात अर्ध्यापर्यंत फरशी घातली. मला असल्या वेळी काय बोलावं ते सुचत नाही आणि सुचत नाही म्हणून मी काहीतरी बोलते. मी म्हणाले, "घर तर चांगलं झालं की गं."

"व्हय," ती म्हणाली, "घर लई चांगलं झालं." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

आता येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, सांगते. लांबच्या लोकांना ही अमावस्या माहीत नसते. थंडीत ज्वारी कमरेला लागली, हरभऱ्याला घाटे धरले, की ही अमावस्या येते आणि आमच्याकडचं गावच्या गाव उठून शेतात जातं. आदल्या दिवशी रात्रीपर्यंत चुली पेटलेल्या असतात. हरभरा, तूर, वाल, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, सापडेल ते घालून चिंचेच्या आंबटात केलेली घट्ट भज्जी. बाजरीचे उंडे. तिळाच्या पोळ्या, खीर. आणि ज्वारीच्या पिठाचं ताक घालून आंबवलेलं, लसूण चुरडलेलं आंबील. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की आंबिलाची बिंदगी, म्हणजे लहान घागर, घोंगड्यात गुंडाळून डोक्यावर घ्यायची आणि अर्ध्या कानडी, अर्ध्या कुणालाच न कळणाऱ्या शब्दांची हाळी देत, आंबील शिंपडत पिकाला वळसा घालायचा. मग जेवण.

आणि त्या दिवशी शेतवाल्यानं एकट्यानं जेवायचं नसतं. रस्त्यानं कोण जातंय ते बघायचं आणि हाक मारायची. पाहुणा, परका, शेत नसलेला मास्तर, बँकेतला साहेब, कुणीही. माझी मैत्रीण ह्यात सगळ्यांच्या वरताण. आमच्या शेताची वाट तिच्या रानावरून जायची. ती बांधावर उभी राहून अशी हाक द्यायची की मोटारसायकलवर भलत्याच गावाला निघालेला अनोळखी माणूससुद्धा उतरून पानावर बसायचा. आम्ही दरवर्षी तिच्याकडं एवढं खायचो की आमच्या शेतात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं आणि माझे दीर माझ्यावर डाफरायचे.

यंदा आम्ही लवकर पोचलो. माझ्या जाऊबाई म्हणाल्यासुद्धा, "बघा, यंदा टायमावर आलो." सगळ्यांना बरं वाटलं. कामून टायमावर आलो ते कुणी बोललं नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

निघताना मी तिच्या गल्लीतूनच स्कूटी काढली होती. बाकी मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पण ट्रॉलीत माझी कंबर आदळते म्हणून मी स्कूटीवर. तिच्या दाराला कुलूप दिसलं. म्हटलं, गेली वाटतं अक्कांबरोबर. अक्कांचं दुकानही बंद होतं. मी खुशाल पुढं गेले.

शेतात कोपी झाली, पांडव मांडले, हळदकुंकू वाहिलं, आणि दीर म्हणाले, "आंबील आणा."

आंबील नव्हतं. सकाळी मीच बिंदगी घोंगड्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली होती आणि सगळ्यांना दम भरला होता की कुणी हात लावायचा नाही, सांडवाल, मी स्वतः आणते. त्यामुळे कुणी हात लावला नव्हता. मीही नव्हता. दीर आकाशाकडे बघत उभे राहिले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी स्कूटीला किक मारली आणि परत निघाले.

वाटेत प्रत्येक शेतातून हाका. "ताई, या, जेवून जा." "वैनी, दोन घास खाऊन जावा." त्या दिवशी नाही म्हणणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. मी हात जोडत, "आंबील विसरले, आंबील विसरले," असं सांगत गेले. म्हणजे तासाभरात ही गोष्ट दुबलगुंडीपर्यंत, माझ्या माहेरी, पोचली असणार.

गावात चिटपाखरू नव्हतं. येळवशीला गाव एवढं रिकामं होतं की स्वतःच्या चपलेचा आवाज मोठा वाटतो. मी कुलूप काढलं, बिंदगी उचलली, आणि परसातून सातभाईंचा कालवा ऐकू आला. साधं भांडण नव्हतं. सगळे मिळून एकाच गोष्टीवर ओरडत होते. मला वाटलं, मुंगसीण स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आली असेल. आधीच तापलेली होते. खराटा उचलला आणि मागं गेले.

मुंगूस नव्हतं. भिंतीवर धामण होती, चांगली लांब, उन्हाला पडलेली. सातभाई तिच्या दोन्ही बाजूंना नाचत ओरडत होते. ती बिचारी कुणाचं काही वाकडं करत नाही, पण त्यांना कोण सांगणार. आणि भिंतीपलीकडून अगदी हळू आवाज आला.

"गप बसा की रं. कुणी ऐकंल."

मी भिंतीवरून बघितलं. माझी मैत्रीण माझ्याकडं पाठ करून खाली बसली होती. समोर शेवग्याच्या बुडाला, फरशी संपते तिथं, कडब्याच्या चार ताटांची कोपी. गुडघ्याएवढी. आत पाच खडे, चुना लावलेले. शेजारी चार लहान पातेली आणि एक तांब्या. नवं लुगडं नेसली होती.

"अगं," मी म्हणाले.

ती दचकून उठली आणि आधी कोपीच्या पुढं उभी राहिली. माझ्याकडं बघायच्या आधी तिनं पदर पसरून ती कोपी झाकली. ते मी विसरू शकत नाही.

"तू हितं काय करायलीस?" मी विचारलं. "दाराला तर कुलूप हाय."

"म्याच लावलं. बोळातनं फिरून मागल्या दारानं आत आले."

"कामून?"

तिनं पदर आणखी पसरला. धामण भिंतीतल्या फटीत शिरली, सातभाई पांगले. आता खरंच काही आवाज राहिला नाही.

"मला वाटलं, तू अक्कांच्या शेतात गेलीस," मी म्हणाले.

"त्यांनी इचारलं. पहाटं दारात आल्त्या. कुणाच्या शेतात जायलीस म्हणून." ती पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. "म्या सांगितलं, तुझ्या."

"माझ्या?"

"तुझंच नाव तोंडात आलं."

मला राग आला. स्वतःचा आला होता, पण तो मी तिच्यावर काढला. म्हटलं, तुला तोंड नाही का, भिंतीवरून एक हाक मारली असतीस तर काय बिघडलं असतं, सरळ येऊन ट्रॉलीत बसायचं, एवढ्या वर्षांची मैत्री आणि आता बोलावणं पाहिजे होय तुला.

ती म्हणाली, "शेत व्हतं तवा कुणाच्यातबी गेले असते. मी चार जणांना बोलवायची, चार जण मला बोलवायचे. आता माझ्याकडून काय हाय? बोलावल्याबिगर कसं यावं गं?"

खरं होतं. इतक्या वर्षांत तिला कुणी येळवशीचं बोलावणं दिलंच नव्हतं, कारण बोलवायची ती. गावातल्या प्रत्येकाला वाटलं होतं की तिला दुसऱ्या कुणीतरी नेलं असेल. अक्कांना वाटलं मी नेलं, मला वाटलं अक्कांनी. उपाशी ठेवायचं म्हणून कुणी ठेवलं नव्हतं, आणि तरी सगळं गाव रानात आणि ती कुलुपाच्या आत, पाखरांना गप करत. मला रडू आलं. मी ते पदरानं पुसलं आणि डोळ्यात काहीतरी गेलं असंही म्हणाले नाही.

"चल," मी म्हणाले. "बस माझ्या मागं."

"न्हाई. आता आले तर समद्यांना कळंल, मी सकाळपासून घरातच व्हते."

"कळू दे."

"तुला सोपं हाय," ती म्हणाली.

मी तिथंच उभी राहिले. शेतात माणसं खोळंबलेली, हातात खराटा, आणि निघावंसं वाटेना. तीही उभी होती. तिनं मागं वळून पातेल्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तोंडातून निघून गेल्यासारखं म्हणाली, "ये की मग. जेवून जा."

पन्नाशी उलटलेल्या बाईनं नऊवारी नसली तरी साडी खोचून दगडी भिंत चढणं काही शोभेचं काम नाही. मी पाण्याची बादली पालथी घातली, तीवर चढले, पोटावर आडवी झाले आणि पलीकडं अर्धी उतरले, अर्धी पडले. तिनं मला धरलं. तेव्हा पहिल्यांदा ती हसली. "दीर बघत्याल तर काय म्हणत्याल," म्हणाली. म्हटलं, ते आकाशाकडं बघायलेत.

पण लगेच वाढायला बसली नाही. "शिंपडायचं राहिलंय," ती म्हणाली. "सकाळपासून ईचार करायलेय. कशाला वळसा घालू? सगळी फरशीच हाय."

"शेवग्याला घाल."

तिनं आंबिलाचा तांब्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून डोक्यावर घेतला. आम्ही शेवगा आणि मेथीच्या चार वाफ्यांना वळसा घातला. हाळी तिनं इतकी हळू दिली की देवालाही ऐकू गेली नसेल. मला ते सहन झालं नाही. मी बेंबीच्या देठापासून हाळी दिली. शेवग्यावरचे सातभाई उडाले, लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मग तिला आठवलं असावं की गावात कुणीच नाही. दुसऱ्या वळशाला तिनं दिली. बांधावरून द्यायची तशी. तो आवाज यंदा मी वाटेवर ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता हे मला तेव्हा कळलं.

मग मी जेवायला बसले. एकटीपुरतं केलेलं, पण काही सोडलेलं नव्हतं. भज्जीत वाल होते, तिळाची पोळी होती, खीरसुद्धा होती. भज्जीला चिंच माझ्यापेक्षा चांगली उतरली होती, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं मला आग्रह केला, दोनदा, तीनदा, ओरडून, जसा करायची तसा. फोन वाजत होता. जाऊबाईंचा. मी उचलला आणि म्हणाले, "येते, जेवायला बसलेय."

"कुठं?"

"वाटेत एकीनं धरलं," मी म्हणाले.

तिच्या पातेल्यात काही राहिलं नाही. चुरा मात्र तिनं बाजूला ठेवला होता, तो सातभाईंना टाकला. मी त्यांना हाकललं नाही, आणि मी हाकललं नाही हे तिनं बघितलं.

निघताना तिनं माझा हात धरून सांगितलं, "कुणाला बोलू नको. संध्याकाळी सगळे परतले की मी मागून फिरून येते आणि कुलूप काढते." मी कबूल केलं. भिंतीवरून परत आले आणि आंबिलाची बिंदगी पायांत धरून स्कूटीवरून शेतात गेले. बोलणी खायची ती खाल्ली. दीर म्हणाले, ऊन डोक्यावर आलं. जाऊबाईंनी पान वाढलं तर एक घास जाईना. कुणाच्या शेतात एवढी जेवलीस, असं सगळे विचारत होते आणि मी भज्जी चिवडत बसले होते.

उन्हं उतरली तशी माणसं परतायला लागली. मी मुद्दाम तिच्या गल्लीतून आले. अक्का आपल्या सुनांसह टमटममधून उतरत होत्या, रिकाम्या डब्यांचा खणखणाट चालला होता. माझी मैत्रीण गल्लीच्या टोकाकडून चालत आली. पायांवर धूळ होती. कुठून आणली कुणास ठाऊक, परसातली की मागच्या बोळातली. तिनं कमरेची किल्ली काढली.

"काय गं," अक्का म्हणाल्या, "कसं झालं हिच्या शेतातलं? पोटभर जेवलीस का?"

मी तयार होते. वाटभर घोकलं होतं. म्हणाले, "लई जेवली की अक्का, आमच्या..."

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. कुलूप उघडून हातात घेतलं होतं. तिचा चेहरा लाल झाला होता, आवाज मात्र बांधावरचा होता.

"न्हाई अक्का. मी हिच्या शेतात न्हाई गेले. हीच माझ्याकडं जेवायला आल्ती."

"तुझ्याकडं? कुठं?"

"परसात. कोपी केली व्हती शेवग्याखाली." अक्का हातातला डबा तसाच धरून उभ्या होत्या. तिनं दार ढकललं, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "पुढल्या येळवशीला तुमीबी या. आंबील जास्त करते."